जुन्या गोव्यातलं चर्च आणि गिलाव्याचा प्रश्न

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे आणि ज्येष्ठ सभासद म्हणून मीही चार ओळी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला. जागा कशी मिळाली, नोंदणीसाठी बीडला किती चकरा झाल्या, बोअरला पाणी कितव्या फुटाला लागलं, हे सगळं इतरांनी लिहिलेलंच आहे. ते पुन्हा सांगत बसत नाही. मी लिहिणार आहे फेब्रुवारीत आपण सोळा जण गोव्याला जाऊन आलो त्याबद्दल. त्यातही समुद्राबद्दल नाही, काजूच्या भावाबद्दल तर नाहीच नाही. जुन्या गोव्यातल्या एका चर्चबद्दल लिहिणार आहे. मांजरसुंब्याच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाशी गोव्याच्या चर्चचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो मी शेवटी सांगणार आहे. तोवर वाचकांनी धीर धरावा.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. बँकेत नोकरी केली, बी. कॉम. झालो, आणि इतिहासाची आवड म्हणून निवृत्तीनंतर वाचत गेलो. त्यामुळे जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहितो.

संध्याकाळी आपल्या चौकातून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. येरमाळा, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असं करत आंबोली घाट उतरलो, तेव्हा उजाडलं होतं. सावंतवाडीच्या पुढे मातीचा रंग बदलला. आपल्याकडे बालाघाटाचा डोंगर काळ्या दगडाचा. घर बांधायचं तर काळा दगडच हाताला येतो. तिकडे सगळा जांभा. तांबडा, छिद्रं छिद्रं असलेला, खाणीतून चौकोनी चिरे कापून काढतात तो. हा जांभा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

जुनं गोवं पणजीपासून साधारण दहा किलोमीटरवर, मांडवी नदीच्या काठी. आज तिथे वस्ती फार थोडी; हिरवळ, नारळी, मोठमोठी चर्चेस आणि पर्यटकांच्या बसेस. पण ही एके काळी पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी होती. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकर्क याने हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून घेतलं, ते साडेचारशे वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये भारतात आलं. भरभराटीच्या काळात इथे दोन लाखांची वस्ती होती असं सांगतात.

या शहराचा आपल्या भागाशी एक जुना धागा आहे. बीडहून मांजरसुंब्याकडे येताना खजाना विहीर लागते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती १५८२ साली निजामशाहीतल्या सलाबतखानाने बांधवली. त्या वेळी अहमदनगरच्या गादीवर मुर्तझा निजामशहा होता. याच मुर्तझाने १५७०-७१ मध्ये आदिलशहाशी हातमिळवणी करून पोर्तुगिजांवर स्वारी केली होती. आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, निजामशहाने चौलला. दोन्ही वेढे उठवावे लागले आणि गोवं पोर्तुगिजांकडेच राहिलं. तेव्हा आपल्या विहिरीचं पाणी शेतात खेळू लागलं त्यानंतर बाराच वर्षांनी, म्हणजे २४ नोव्हेंबर १५९४ रोजी, ज्या चर्चचं काम सुरू झालं ते हे: बासिलिका ऑफ बॉम जेझुस. बॉम जेझुस म्हणजे शब्दशः चांगला येशू. १५ मे १६०५ रोजी ते पूर्ण होऊन उपासनेसाठी खुलं झालं. जेझुइट नावाच्या ख्रिस्ती संघाने ते बांधलं. १९८६ पासून गोव्याची चर्चेस आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, त्यांतलं हे सगळ्यांत प्रसिद्ध.

बाहेरून पाहिलं तर ही इमारत आजूबाजूच्या चर्चेसपेक्षा वेगळी दिसते. बाकीची पांढरीशुभ्र, ही तांबूस-तपकिरी, उघड्या दगडाची. दर्शनी भिंत तीन-चार मजल्यांएवढी चढत गेलेली, वर मधोमध येशूच्या नावाची आय एच एस ही तीन अक्षरं कोरलेली. भिंत जांभ्याची, पण दर्शनी भागावरचे खांब आणि नक्षीचे पट्टे काळ्या दगडाचे. हा काळा दगड वसईकडून समुद्रमार्गे आणला, असं पुस्तकांत सापडतं. आमच्यातले निवृत्त मुख्याध्यापक त्यावर हात फिरवून म्हणाले, "हा तर आपलाच दगड." दख्खनचा काळा दगड तो, वसईचा काय नि मांजरसुंब्याचा काय.

दारात एक गंमत झाली. आपल्या बायकांनी सवयीने चपला काढल्या आणि त्या ठेवायला जागा शोधू लागल्या. तिथल्या रखवालदाराने हसून कोंकणीत सांगितलं की चपला घालूनच आत जायचं. तरी दोघी-तिघींना ते पटलं नाही. त्यांनी चपला पिशवीत घातल्या आणि अनवाणीच गेल्या. कुणी काही म्हणालं नाही. चर्चच्या बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्याकडे मेणाचे हात, पाय, डोळे, लहान मूल असंही मिळतं. ज्याचा जो अवयव दुखतो त्याचा नवस. आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे चांदीचे डोळे वाहतात तसंच की."

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. समोर सोन्याच्या मुलाम्याची भली मोठी वेदी, मध्यभागी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा भव्य पुतळा. पण लोकांचे पाय वळतात ते उजव्या अंगाला. तिथे उंच चौथऱ्यावर चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह ठेवलेला आहे.

झेवियर मूळचे नावारचे, म्हणजे आजच्या स्पेनमधले. जन्म १५०६ चा. मे १५४२ मध्ये ते गोव्यात आले. तिथून तामिळनाडूचा किनारा, मलाक्का, जपान असे दहा वर्षं फिरले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. देह आधी तिथेच पुरला, मग मलाक्काला नेला, आणि १५५४ मध्ये गोव्यात आणला. इतक्या दिवसांनी तो शाबूत राहिल्याचं पाहून भाविकांची श्रद्धा बसली. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. गोव्यात त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात आणि ३ डिसेंबरला त्यांचं फेस्त भरतं. त्याला हिंदूही जातात. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवतात. अलीकडचं दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं झालं. आम्ही त्यानंतर महिनाभराने पोहोचलो, त्यामुळे गर्दी नव्हती आणि पेटी आपल्या जागी वर गेली होती.

चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर संतांच्या आयुष्यातले प्रसंग ठोकून उठवलेले आहेत. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांना संतांच्या डोक्याखालची उशी भेट म्हणून मिळाली. त्याची परतफेड म्हणून त्यांनी फोज्जिनी या शिल्पकाराकडून हा चौथरा करवून घेतला. दहा वर्षं काम चाललं. मग सगळे भाग सुटे करून जहाजाने गोव्यात आणले आणि १६९८ मध्ये जोडले. एका उशीच्या बदल्यात एवढं! बँकेत असतो तर असा व्यवहार मंजूर करताना दहा वेळा विचार केला असता.

आता मराठी माणसाला या जागी आठवलंच पाहिजे अशी एक गोष्ट. १६८३ साली व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. किल्ल्यात येसाजी कंक होते. संभाजी महाराज स्वतः मदतीला धावून आले आणि पोर्तुगिजांना माघार घ्यावी लागली. पाठोपाठ नोव्हेंबरात मराठ्यांनी रात्रीच्या अंधारात जुवे बेट घेतलं. हे बेट राजधानीच्या अगदी नाकासमोर. ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय स्वतः जखमी होऊन कसाबसा परतला. शहर वाचत नाही असं दिसल्यावर तो या बॉम जेझुस चर्चमध्ये आला, संतांची पेटी उघडवली, आणि आपल्या अधिकाराचा दंड त्यांच्यापुढे ठेवून आता तुम्हीच रक्षण करा अशी प्रार्थना केली. पुढे शहाआलम मोठी मोगल फौज घेऊन कोकणच्या बाजूला उतरतो आहे, अशा बातम्या आल्या आणि संभाजी महाराजांना मागे फिरावं लागलं. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी त्याचं श्रेय संताला दिलं. आपण ते औरंगजेबाला देऊ. पण त्या पेटीसमोर उभं असताना हा प्रसंग डोळ्यांपुढे आला आणि अंगावर काटा आला, एवढं खरं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर इतिहास अर्धा राहील. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली, नंतर सासष्टी आणि बारदेशमधली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला. लोकांनी रातोरात आपले देव नदीपार नेले. १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय आलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. ते गोव्यात आणावं, अशी विनंती खुद्द झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्रातून केली होती; आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. चर्च सुंदर आहे म्हणून हे विसरायचं नाही, आणि हे घडलं म्हणून चर्च सुंदर नाही असंही म्हणायचं नाही. दोन्ही नोंदी एकाच खात्यात आहेत, जमाही आणि नावेही.

त्याच खात्यात आणखी एक नोंद आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. इथली भाषा शिकला आणि 'क्रिस्तपुराण' लिहिलं, मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचं! ते १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं. म्हणजे ज्ञानोबा-एकनाथांचा ओवीछंद ख्रिस्ताची कथा सांगायला वापरला गेला. एकनाथ महाराज आपल्या पैठणचे. त्यांचं निर्वाण १५९९ चं. नाथ इकडे गोदाकाठी अखेरच्या वर्षांत होते, तेव्हा तिकडे हा परदेशी माणूस मराठी गिरवत होता. आपल्या शेजारच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांनीही शिवाचं तत्त्व मराठी ओवीतच सांगितलं. ओवीने कुणालाच नाही म्हटलं नाही.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो.

बॉम जेझुस पाहून आम्ही जवळच्या टेकडीवर गेलो. तिथे संत ऑगस्टीनच्या चर्चचे अवशेष आहेत. चर्च म्हणजे काय, एक उभा चिरलेला बुरूज आहे, बाकी पडलेल्या भिंती, दालनांचे पाये आणि जमिनीत बसवलेले थडग्यांचे दगड. हा बुरूज मूळचा सुमारे ४६ मीटर उंच होता. आज त्याचा अर्धा भागच उभा आहे, जणू कुणी करवतीने उभा कापला. हे चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधलं. म्हणजे बॉम जेझुस आणि हे एकाच पिढीतले. शहर तेच, दगड तोच जांभा, पाऊसही तोच. उलट त्या काळी गोव्यातल्या सगळ्यांत भव्य इमारतींत याची गणना होती. जॉर्जियाची राणी केतेवान इराणमध्ये १६२४ साली मारली गेली. तिचे अवशेष या मठातल्या साधूंनी १६२७ मध्ये इथे आणून ठेवले. अलीकडे पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेने त्यांची डीएनए तपासणी केली आणि २०२१ मध्ये भारत सरकारने तो अवशेष जॉर्जियाला दिला. असलं हे नामांकित चर्च.

मग एक उभं आणि एक पडलेलं, असं का?

कुणी म्हणेल, एकाला मालक राहिला, दुसऱ्याला नाही. पण तारखा पाहिल्या तर तसं नाही. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने जेझुइटांनाच हद्दपार केलं. म्हणजे बॉम जेझुसचे बांधणारे आणि मालक आधी गेले. ऑगस्टीनच्या मठातले साधू त्यानंतर पाऊणशे वर्षं तिथेच होते. १८३५ मध्ये सगळेच धार्मिक संघ बंद केले तेव्हा ते गेले आणि मठाला कुलूप लागलं. त्यानंतर किती वर्षांनी छप्पर पडलं? फक्त सात. १८४२ मध्ये चर्चची मुख्य कमान कोसळली. १८७१ मध्ये बुरुजातली मोठी घंटा पणजीच्या चर्चमध्ये नेली, ती आजही तिथे वाजते. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा बुरूज पडला. सव्वादोनशे वर्षं जी कमान हलली नाही, ती कुलूप लागल्यावर सात पावसाळे टिकली.

त्याच काळात सगळं शहरच ओस पडत होतं. पटकी आणि हिवतापाच्या साथींनी लोक निघून गेले, व्हाइसरॉयही पणजीला राहायला गेले, आणि १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीला हलली. घरं पडली, वाडे पडले. पण बॉम जेझुसला लोक येत राहिले. मालक गेले तरी संत तिथेच होते, त्यामुळे फेस्त भरत होतं, मेणबत्त्या लागत होत्या. जिथे रोज माणूस येतो तिथे गळकं छप्पर कुणाला तरी दिसतं, आणि दिसलं की कुणीतरी शिडी लावतं. बॉम जेझुसच्या भिंतीला बाहेरून मोठे आधार दिलेले आहेत, ते मूळ बांधकामातले नाहीत; नंतरच्या लोकांनी गरज पाहून दिले. ऑगस्टीनच्या गळक्या छपराखाली बादली ठेवायलासुद्धा कुणी नव्हतं.

पण म्हणून बॉम जेझुसचं सगळं ठीक आहे असं समजू नका. मी सुरुवातीला लिहिलं की ही इमारत उघड्या दगडाची आहे. मूळची ती तशी नव्हती. तिच्यावरही समोरच्या से कॅथेड्रलसारखा चुन्याचा पांढरा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो काढून टाकला. इमारत जुनी दिसावी, दगड उठून दिसावा, हा हेतू. दिसायला ती खरंच छान दिसते. आज सगळ्या फोटोंत आणि पोस्टकार्डांवर तीच तांबडी बासिलिका असते. पण जांभा सच्छिद्र. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या बीडच्या चौपट-पाचपट. गिलावा असताना पाणी वरून वाहून जायचं. आता ते दगडात मुरतं, दगड झिजतो, कोपरे गळतात. २०२० च्या सुमारास चर्चच्या रेक्टरांनीच याबद्दल जाहीरपणे काळजी व्यक्त केली. पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर चर्चा सुरू झाली. काही तज्ज्ञ म्हणतात करा, इमारत वाचेल. काही लोक म्हणतात नको, आम्ही जन्मापासून हीच तांबडी इमारत पाहिली, पांढरी आम्हाला ओळखू यायची नाही. दोघांचंही प्रेम इमारतीवरच आहे. माझं मत विचाराल तर गिलावा करावा. गिलाव्याला शोभेची वस्तू समजण्यात घोटाळा झाला. तो इमारतीचा रेनकोट होता.

से कॅथेड्रलकडे पाहिलं की हे आणखी पटतं. ते १६१९ मध्ये पूर्ण झालं, जांभ्याचंच. मूळचे दोन बुरूज होते. एक १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. पण अंगावरचा चुना मात्र लोकांनी सोडला नाही. एका बुरुजाचं का होईना, ते आज कोरड्या अंगाने उभं आहे.

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याला नवा नाही. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला; गोवा सरकारने त्याच देवळाचं काम पुन्हा करून २०२३ मध्ये ते खुलं केलं. आपल्या परळीच्या वैद्यनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. आपण नावं बांधणाऱ्यांची लक्षात ठेवतो, पण देऊळ आपल्यापर्यंत पोहोचतं ते मधल्या दुरुस्त्या करणाऱ्यांमुळे. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठे कोरलेली नसतात.

आता आपल्याविषयी.

आपल्या दोन इमारती, अठरा बिऱ्हाडं. त्यांतल्या पाच घरांना आज कुलूप आहे. मुलं पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला. म्हातारी माणसं त्यांच्याकडे गेली. यात कुणाचा दोष नाही. माझाही मुलगा पुण्यातच आहे. पण कुलूपबंद घराच्या बाथरूममध्ये गळती सुरू झाली तर ती खालच्या घराचं छत ओलं झाल्यावरच कळते. दोन वर्षांपूर्वी असं झालेलं सगळ्यांना आठवत असेल.

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे की दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के दरवर्षी सभासदांकडून गोळा करावेत. इमारतीला पंधरा वर्षं झाली की तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी. बँकेत आम्ही घसारा लावायचो तो कागदावर. भिंतीला लागतो तो घसारा पावसाचा असतो, आणि त्याची नोंद कुणी केली नाही म्हणून तो थांबत नाही.

या वर्षीच्या सर्वसाधारण सभेपुढे पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग हा विषय आहे. खर्च मोठा आहे, मला कल्पना आहे. काही सभासदांचं म्हणणं, आता पंचवीस वर्षं झालीच आहेत, आणखी पाच-सात वर्षं ढकलू आणि मग बिल्डरला देऊन टाकू. हे म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना इथे परत यायचं नाही त्यांच्या दृष्टीने हिशेब बरोबर आहे. पण जे तेरा जण इथे राहतो, ज्यांची सकाळ कपिलधारच्या रस्त्याला फिरून येऊन पारावर बसण्याने होते, त्यांच्यासाठी ती पाच-सात वर्षं म्हणजे उरलेलं आयुष्य आहे. सात पावसाळ्यांत काय होतं ते ऑगस्टीनच्या टेकडीवर पाहून आलो आहोत.

म्हणून माझी दोन म्हणणी सभेपुढे ठेवतो. एक, प्लास्टर आणि गच्चीचं काम या पावसाळ्याच्या आत व्हावं. दुसरं, कुलूपबंद घरांच्या किल्ल्या मालकांच्या संमतीने सोसायटीच्या कचेरीत ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा कुणीतरी ती घरं उघडून, नळ पाहून, खिडक्या उघडून यावं. हे काम मी स्वतः करायला तयार आहे. वय झालं असलं तरी दोन जिने अजून चढतो. आणि परगावी असलेल्या पाचही कुटुंबांना विनंती की वर्षातून एकदा, दिवाळीला नाही जमलं तर कपिलधारच्या यात्रेला तरी, आपल्या घरी मुक्कामाला या. तुमचं घर तुमच्या चपलांचा आवाज ओळखतं.

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायला मी नसेन, पण ती याच इमारतीत बसून कुणीतरी लिहावी, एवढी इच्छा आहे.